डोंग्यातला रेडिओ आणि पाळीवरचा कान

गोसेखुर्दच्या बॅकवॉटरमध्ये, इटियाडोहवर किंवा नवेगावबांधच्या तलावात संध्याकाळी जाळं टाकून पहाटे काढायला जाणाऱ्याच्या खिशात आता मोबाइल असतोच. पण बुडीत क्षेत्राच्या आतल्या फाट्यात, डोंगराच्या आडोशाला रेंज जाते, आणि नेमकं तिथेच जाळं अडकतं, वारं सुटतं, डोंगा भरतो. म्हणून रेडिओचा, म्हणजे वॉकीटॉकीचा, विचार येतो. विचार बरोबर आहे, पण बहुतेक जण सुरुवात चुकीच्या टोकाने करतात. आधी सेट घेतात आणि मग पलीकडून कोण ऐकणार ते शोधतात. काठावर जागा माणूस आणि चालू सेट नसेल तर डोंग्यातला सेट म्हणजे नुसतं खेळणं. म्हणून खरेदीच्या आधी हे ठरवा: रात्री नऊ ते सकाळी सात पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, कोण बसणार?

बहुतेक मत्स्य सहकारी संस्थांकडे याचं उत्तर आधीच असतं. मासळीची चोरी होऊ नये म्हणून तलावावर चौकीदार ठेवलेला असतो. तोच पाळीवरचा कान. त्याच्याकडे एक सेट, एक जादा बॅटरी, टॉर्च, घड्याळ आणि वही एवढं द्या. खर्चाच्या मानाने सगळ्यात मोठा फायदा इथेच आहे.

समुद्राचा सेट इथे का नको

ऑनलाइन शोधलं की ‘मरीन व्हीएचएफ’ नावाचे सेट दिसतात. पिवळे किंवा काळे, पाण्यावर तरंगणारे, लाल बटणाचे. सेट उत्तमच असतात, पण त्यांची सगळी रचना समुद्रासाठी आहे. ते १५६ ते १६२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. त्यातलं चॅनल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, जगभर संकटासाठी राखलेलं आहे. प्रत्येक जहाज आणि किनाऱ्यावरचं तटरक्षक केंद्र ते कायम ऐकत असतं. लाल बटण दाबून धरलं की चॅनल ७० वरून डिजिटल संदेश जातो. त्यात बोटीचा नऊ अंकी ओळख क्रमांक, एमएमएसआय, असतो (भारतीय बोटींचा ४१९ ने सुरू होतो), आणि सेटला जीपीएस असेल तर ठिकाणही जातं. हा क्रमांक बोटीच्या परवान्यासोबतच मिळतो.

भंडारा-गोंदियात चॅनल १६ वर ऐकणारं कोणी नाही. लाल बटण दाबलं तर संदेश हवेत विरून जाईल. शिवाय असा सेट परवान्याशिवाय बाळगणं हा बिनतारी कायद्याखाली गुन्हा आहे. पाच वॅटचे स्वस्त चिनी सेट कुठल्याही वारंवारतेवर लावता येतात, त्यांचीही तीच गत. चुकून वनविभागाच्या किंवा पोलिसांच्या वारंवारतेवर बोललात तर गडचिरोलीत किंवा व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारी ही गोष्ट हसण्यावारी जात नाही. अमेरिकेतल्या भाच्याने पाठवलेली जोडीही नको. तिकडचे घरगुती सेट ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालतात, आपल्याकडे ते पट्टे दुसऱ्यांना दिलेले आहेत.

परवान्याशिवाय वापरता येतो तो ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा पट्टा. २०१८ च्या नियमांनी तो कमी ताकदीच्या हातातल्या सेटसाठी मोकळा झाला. दुकानात त्याला पीएमआर ४४६ म्हणतात. वापरणाऱ्याला परवाना लागत नाही, पण सेटच्या मॉडेलला ईटीए, म्हणजे उपकरणाच्या प्रकाराची सरकारी मंजुरी, असावी लागते. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांसाठी सूचना काढल्या. त्यानुसार वारंवारता आणि ही मंजुरी जाहिरातीतच दिसली पाहिजे. ती नसेल तर घेऊ नका. ईटीए प्रमाणपत्राची प्रत मागा, त्यावरचा मॉडेल क्रमांक सेटच्या पाठीवरच्या क्रमांकाशी जुळवा, आणि ती प्रत बिलासोबत संस्थेच्या फाइलला लावा. सेट आले की पोलीस ठाण्याला एक साधं पत्र द्या: किती सेट, कोणती वारंवारता, कोणत्या तलावावर. तसा नियम आहे म्हणून नाही. रात्री गस्तीच्या गाडीने डोंग्यातला सेट पाहिला तर तासभर चौकशी होऊ नये म्हणून.

सेट घेताना

पीएमआर सेटची ताकद अर्ध्या वॅटच्या आसपास असते. खोक्यावर ‘१० किमी’ लिहिलेलं असतं, ते डोंगराच्या माथ्यावरून दुसऱ्या माथ्यावर बोलण्याचं. त्याकडे लक्ष देऊ नका. लक्ष द्यायचं ते या गोष्टींकडे.

पाण्यापासून संरक्षण किमान आयपी ६७ हवं. म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी आत पाणी जाणार नाही. पण ही हमी चार्जिंगच्या तोंडावरचं रबरी झाकण घट्ट बसलेलं असतानाची आहे. ते झाकण वर्षभरात सैल पडतंच. आयपी ६७ सेट महाग पडत असेल तर साधा सेट मोबाइलच्या वॉटरप्रूफ पाउचमध्ये घाला. पातळ प्लास्टिकमधून आवाज नीट येतो-जातो आणि बटणही दाबता येतं. नवीन पाउचमध्ये आधी कोरडा कागद घालून बादलीत अर्धा तास दाबून ठेवा. कागद ओला झाला तर पाउच परत करा.

सगळे सेट एकाच मॉडेलचे घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांचे घेतलेच तर चॅनलच्या आकड्यावर विसंबू नका. नेहमीच्या क्रमात चॅनल १ म्हणजे ४४६.००६२५ आणि पुढचं प्रत्येक १२.५ किलोहर्ट्झने वर, म्हणजे चॅनल ८ म्हणजे ४४६.०९३७५. काही सेटमध्ये हा क्रम वेगळा भरलेला असतो. समोरासमोर ठेवून प्रत्येक चॅनल बोलून पाहा.

बॅटरीचे दोन प्रकार मिळतात. एक आतली लिथियम, यूएसबीने चार्ज होणारी. दुसरा पेन्सिल सेलवर चालणारा. जिथे लाइट आठ-आठ तास जाते तिथे दुसरा प्रकार कमी आकर्षक दिसतो पण जास्त उपयोगी पडतो, कारण सेल आठवडी बाजारातही मिळतात. फक्त साधे सेल चार्जरवर लावू नका, फुटून सेट खातात. तरंगणारा सेट या पट्ट्यात क्वचितच मिळतो. त्याला भडक केशरी दोरी बांधा आणि दोरीला जाळ्याचा एक मोठा फ्लोट. किती वजन तोलतो ते घरच्या हौदातच पाहून घ्या.

पल्ला किती, हे कागदावर आणि पाण्यावर

या वारंवारतेच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. पृथ्वीच्या गोलाईमुळे किती अंतरावर रेषा तुटते याचा सोपा हिशेब आहे: अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा. आलेला आकडा किलोमीटरमध्ये. दोन्ही टोकांचे आकडे मिळवा. डोंग्यात बसलेल्या माणसाच्या हातातला सेट पाण्यापासून एक मीटरवर असतो, म्हणजे ४.१ किमी. दोन डोंगे असतील तर ८ किमीच्या आसपास. पाळीवर १५ मीटर उंचीवर उभ्या चौकीदाराचे १६ किमी, डोंग्याचे ४, मिळून २०.

हे झालं कागदावरचं. अर्धा वॅट, हातातली छोटी अँटेना आणि मध्ये बुडीत झाडांची वाळकी ठुंठं, यात यातलं बरंच गळतं. दोन डोंग्यांमध्ये दोन-तीन किलोमीटर धरून चला, त्याहून जास्त मिळालं तर नशीब समजा. मात्र हिशेबातून एक गोष्ट पक्की कळते. ताकद वाढवण्यापेक्षा उंची वाढवणं स्वस्त आणि फायद्याचं. पीएमआर सेटची अँटेना काढून दुसरी लावायची सोय नसते, म्हणून अँटेना वर नेता येत नाही. माणूस वर न्या. चौकीदाराची झोपडी पाळीच्या पायथ्याशी असेल तर ती पाळीवर न्या, किंवा शेतात जागलीसाठी बांधतो तसला मचाण बांधा.

प्रत्यक्ष पल्ला मोजायला एक सकाळ लागते. एक डोंगा पाळीवरून निघतो आणि दर अर्ध्या किलोमीटरला थांबतो, अंतर मोबाइलच्या नकाशावर दिसतं. तिथून एक ते दहा आकडे वाचतो. पाळीवरचा माणूस गुण देतो: ५ म्हणजे स्वच्छ, ३ म्हणजे खरखर आहे पण सगळं कळलं, १ म्हणजे नुसता आवाज. मग उलट बाजूने, पाळीवरून डोंग्याकडे. दोन्ही बाजू तपासायच्या, कारण काठावर जवळच्या मोटारपंपाची किंवा एलईडी दिव्याच्या अडॅप्टरची खरखर असली तर पाळीला ऐकू येत नाही पण डोंग्याला येतं. गुण तलावाच्या नकाशावर लिहा. जिथे ३ पेक्षा कमी, तिथे रात्री एकट्या डोंग्याने जायचं नाही, किंवा मध्ये एक डोंगा निरोप्या म्हणून ठेवायचा. तो ऐकेल आणि पुढे सांगेल. ही चाचणी पाणी भरलेलं असताना, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एकदा आणि उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर एकदा करा. पाणी दहा मीटरने खाली गेलं की मध्ये टेकाडं उघडी पडतात आणि जुना नकाशा चुकतो.

बोलताना सेट उभा धरा, आडवा नाही. तोंड पाळीकडे करा, पाठ नको. अंग मध्ये आलं की लहरींचा बराच भाग अंगातच मुरतो. कुठे आवाज तुटत असेल तर डोंग्यात दोन हात पुढे-मागे सरकून पाहा. डोंगर-झाडांवरून परावर्तित होऊन आलेली लहर आणि सरळ आलेली लहर एकमेकींना मारतात आणि त्या मृत जागा जेमतेम हात-दोन हात रुंद असतात. ठराविक जागी नेहमी आवाज मरतो, म्हणून सेट खराब आहे असं समजून बदलायला नेणारे बरेच असतात.

सेटिंग, म्हणजे जिथे सगळी गडबड होते

प्रत्येक सेटमध्ये ‘टोन’ किंवा ‘प्रायव्हसी कोड’ असतो. नावावरून वाटतं की तो लावला की आपलं बोलणं कोणी ऐकणार नाही. खरं उलटं आहे: टोन बंद असलेले सगळे तुमचं बोलणं ऐकू शकतात, पण ज्यांचा टोन वेगळा आहे त्यांचं तुम्हाला ऐकू येत नाही. सगळ्यांनी एकच टोन लावला आणि एकाच सेटचा चुकून बदलला तर तो डोंगा मुका-बहिरा होतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. सुरक्षेच्या चॅनलवर सगळ्यांचा टोन बंद, म्हणजे ० ठेवा. शेजारच्या गावातल्या लग्नातली पोरं मध्येच बोलली तर बोलू द्या.

‘व्हॉक्स’ म्हणजे आवाज ऐकून आपोआप चालू होणारी सोय. ती बंद ठेवा. वाऱ्याने, पंपाने, कोंबड्यानेही सेट बोलायला लागतो. स्क्वेल्च म्हणजे खरखर गाळणारी चाळणी. ती फार कडक केली की लांबचा कमकुवत आवाजही गाळला जातो. खरखर जेमतेम थांबेल एवढीच ठेवा. सेटिंग झाल्यावर कुलूप बटण दाबून धरा म्हणजे कळा लॉक होतात. सेट नंबर, चॅनल आणि ‘टोन ०’ असं पांढऱ्या ऑइलपेंटने पाठीवर लिहा.

सगळ्यात वाईट बिघाड म्हणजे दाबून राहिलेलं बोलण्याचं बटण. सेट मांडीखाली किंवा जाळ्याच्या ढिगात गेला आणि बटण दाबलं गेलं, तर तो एक सेट सगळं चॅनल अडवून ठेवतो. दुसऱ्याची हाक बाहेर पडतच नाही. लक्षण सोपं आहे: सगळ्या सेटवर सतत हिरवा किंवा पिवळा दिवा, आणि वल्ह्याचा किंवा पाण्याचा आवाज. म्हणून एक राखीव चॅनल आधीच ठरवून ठेवा. एक मिनिटाहून जास्त वेळ चॅनल अडलं तर सगळ्यांनी राखीव चॅनलवर जायचं. सेट मुळात जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्याला लटकवा, खिशात किंवा डोंग्याच्या तळाशी नको.

जॅकेट आधी

हे रेडिओच्या लेखात मध्येच आलं असं वाटेल. २३ जानेवारी २०२४ ला चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली. मिरची तोडायला पलीकडे निघालेल्या सहा महिला बुडाल्या. नाव उलटते तेव्हा बटण दाबायला वेळ नसतो. रेडिओचं काम त्यानंतर सुरू होतं, आणि ते फक्त तरंगत असलेल्या माणसासाठी. जॅकेटपुरते पैसे असतील तर जॅकेट घ्या, रेडिओ पुढच्या वर्षी. जॅकेटला शिट्टी बांधलेली असावी. पाण्यात पडल्यावर सेट डोक्याच्या वर, अँटेना सरळ ठेवून बोला. अँटेना पाण्याला टेकली की पल्ला एकदम खाली येतो.

बोलायचं कसं

बटण दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला. लगेच बोललात तर पहिला शब्द कापला जातो, आणि आपल्याकडे पहिला शब्द नेमका नाव असतो. माइक तोंडापासून चार बोटं लांब. ओरडू नका, आवाज फाटतो. वारं असेल तर पाठ वाऱ्याकडे करा.

समुद्रावर तीन दर्जाचे शब्द आहेत: जीव धोक्यात असेल तर ‘मेडे’, मदत हवी पण जीवाला धोका नाही तेव्हा ‘पॅन-पॅन’, आणि नुसती सावधगिरीची सूचना असेल तर ‘सेक्युरिते’. तलावावर सगळे आपलेच आहेत, तिथे मराठी शब्द ठेवा, पण तीनच ठेवा आणि बदलू नका: धोका, मदत, सूचना. प्रत्येक शब्द तीनदा. इंजिनाचा पंखा जाळ्यात अडकला तर ‘मदत’. धरणातून पाणी सोडत आहेत, हे कळलं तर ‘सूचना’. ‘धोका’ ऐकला की बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं, पाळीलाच बोलू द्यायचं.

संदेशात ठिकाण लवकर सांगा. दहा सेकंदांनी सेट पाण्यात गेला तरी कुठे यायचं ते कळलेलं असतं. असा:

‘धोका, धोका, धोका. पाळ, मी डोंगा सात, डोंगा सात, डोंगा सात. जुन्या गावठाणाच्या देवळापासून पूर्वेला, विजेच्या वाकड्या खांबाजवळ. डोंग्यात पाणी भरतंय. दोन माणसं, दोघांच्या अंगात जॅकेट. ओव्हर.’

पाळीने लगेच ठिकाण परत बोलून दाखवायचं: ‘डोंगा सात, समजलं, देवळाच्या पूर्वेला वाकडा खांब, दोन माणसं. डोंगा तीन निघतो आहे. डोंगा धरून राहा. ओव्हर.’ परत बोलून दाखवणं टाळू नका, अर्ध्या चुका इथेच पकडल्या जातात. उत्तर आलं नाही तर अर्ध्या मिनिटाने पुन्हा तेच सगळं सांगा. कोणी ऐकत असेल पण त्याचा आवाज तुमच्यापर्यंत येत नसेल, असंही असतं.

ठिकाणांची नावं आधी ठरवा. प्रत्येक तलावावर लोकांची जुनी नावं असतातच: आंब्याचा फाटा, ढिवराची खोल, मोठा दगड. पण एकाच जागेला या गावात एक नाव आणि पलीकडच्या गावात दुसरं. संस्थेच्या बैठकीत नकाशा पसरून पंधरा-वीस नावं पक्की करा आणि तो नकाशा लॅमिनेट करून प्रत्येक डोंग्यात आणि मचाणावर लावा.

मोबाइलचं जीपीएस नेटवर्कशिवायही चालतं. त्यातले आकडे दशांश पद्धतीने वाचा, दशांशाच्या पुढे चारच अंक. चार अंकांनी जागा साधारण अकरा मीटरपर्यंत नेमकी कळते, पुढचे अंक सांगण्यात वेळ घालवू नका. आकडे सुटे बोला: ‘दोन शून्य टिंब आठ सात एक पाच’. मराठी जोड आकडे रेडिओवर घात करतात. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, एकोणऐंशी आणि एकोणनव्वद खरखरीत सारखेच ऐकू येतात. आधी अक्षांश, मग रेखांश. विदर्भात अक्षांश १८ ते २१ आणि रेखांश ७५ ते ८० च्या घरात सुरू होतो. ऐकणाऱ्याला यापेक्षा वेगळा आकडा आला की चूक झाली, पुन्हा विचारायचं.

पाळीवरची वही

डोंगा निघताना: ‘डोंगा चार निघाला, दोन माणसं, आंब्याच्या फाट्याकडे, परत सहा वाजता.’ चौकीदार वेळेसह लिहितो. पोचल्यावर एकदा, परत निघताना एकदा, काठाला लागल्यावर एकदा. चार नोंदी. रात्री थांबणाऱ्यांनी दर दोन तासांनी फक्त ‘डोंगा चार, ठीक’ एवढंच.

परतायची वेळ टळून अर्धा तास झाला की हाक मारायची. दहा मिनिटांनी पुन्हा. तरी उत्तर नाही, तर जवळच्या डोंग्याला पाहायला पाठवायचं आणि त्याच वेळी फोन करायचा, वाट पाहत बसायचं नाही. फोन ११२ वर, किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्या कंपनीचा टॉवर जवळ असेल तर ११२ लागू शकतो. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी नागपूरला आहे. तिला यायला तास लागतात. तोवरचं काम गावचेच डोंगे करणार, हे धरूनच योजना करा. मोबाइलला कुठे रेंज मिळते ती जागा चौकीदाराला माहीत असावी आणि झोपडीपासून तिथवरची वाट काट्याकुट्यांनी भरलेली नसावी.

मोटारबोटीला पक्का सेट

पर्यटनाच्या बोटी किंवा संस्थेची मोठी फायबर बोट असेल आणि परवाना काढायची तयारी असेल, तर दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवरून अर्ज करून स्वतःची वारंवारता घेता येते. मग २५ वॅटचा पक्का सेट आणि पाळीवर खरा मास्ट, म्हणजे अँटेनाचा उंच खांब, लावता येतो. परवान्यात लिहिलेली वारंवारता आणि ताकद यांच्या बाहेर जायचं नाही. समुद्रावरच्या बोटीला सेट बसवायची पद्धतही हीच आहे.

२५ वॅटवर बोलताना सेट १२ व्होल्टवर पाच ते सहा अँपिअर ओढतो, ऐकताना अर्ध्या अँपिअरच्या आसपास. आठ तास ऐकणं म्हणजे ४ अँपिअर-अवर आणि एकूण दहा मिनिटं बोलणं म्हणजे आणखी १. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्यापेक्षा जास्त उतरवू नये, म्हणून यूपीएसमधली ७ अँपिअर-अवरची पुरणार नाही, १२ ची घ्या. स्टार्टरच्या बॅटरीवरच सेट लावला तर स्टार्ट मारताना व्होल्टेज पडून सेट बंद-चालू होतो. शक्यतो वेगळी बॅटरी.

वायर जाड हवी. बॅटरी पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर तांबं होतं. एक चौरस मिमीच्या वायरीत ६ अँपिअरला एक व्होल्ट गळतो, अडीचच्या वायरीत ०.४. एक व्होल्ट गळाला की उतरलेल्या बॅटरीवर बटण दाबताच सेट मरतो, आणि माणूस म्हणतो, ‘ऐकू येतं, पण बोलताना बंद पडतो.’ या तक्रारीचं कारण दहात नऊ वेळा बॅटरी, वायर किंवा गंजलेलं टर्मिनल असतं, सेट नाही. मल्टिमीटर सेटच्या मागे लावून बटण दाबा आणि आकडा पाहा. ११ च्या खाली गेला तर वायर तपासा. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळ वीतभर अंतरात लावा, १० अँपिअरचा. सेटजवळ लावलेला फ्यूज मधल्या वायरीला वाचवत नाही.

अँटेना छोट्या बोटीला ३ डीबीची घ्या (अँटेना लहरी किती एकवटते त्याचं हे माप). ६ किंवा ९ डीबीची जास्त लांब पोचते ती झोत सपाट करून. बोट डुलली की तिचा झोत आकाशात किंवा पाण्यात जातो. पाळीवरच्या स्थिर मास्टवर मात्र ६ डीबी चालते. केबलमध्ये काटकसर नको. बारीक आरजी-५८ केबल दहा मीटर वापरली तर २५ वॅटपैकी जेमतेम १६ अँटेनापर्यंत पोचतात. जाड आरजी-२१३ मध्ये २०. जोडणीचा पीएल-२५९ प्लग स्क्रूने दाबलेला नको, डाग दिलेला हवा. आधी स्वतःलाच चिकटणारी रबर टेप आणि वरून काळी टेप गुंडाळा. पाणी एकदा केबलच्या जाळीत शिरलं की केशाकर्षणाने मीटरभर वर चढतं, मग तेवढा तुकडा कापूनच टाकावा लागतो. अँटेना न लावता बटण दाबू नका, आतला ट्रान्झिस्टर जळतो. अँटेनाकडून किती ताकद परत फिरते ते दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर मिळाला तर १.५ च्या आत चांगलं, ३ च्या वर गेलं तर बोलणं थांबवून जोडणी तपासा.

पाळीवरचा मास्ट वीज ओढतो, हे विसरू नका. मास्टला स्वतंत्र अर्थिंग द्या, आणि ढग गडगडायला लागले की केबल सेटमधून काढून खिडकीबाहेर टाका. डोंग्यातल्यांनी गडगडाट ऐकू येताच काठ गाठायचा. उघड्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू माणूसच असतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप चौकीदाराच्या मोबाइलमध्ये असू द्या. त्यात वीज जवळ पडताना दिसली की तोच ‘सूचना’ देईल.

उन्हाळा, पावसाळा, आणि तांदूळ

मे महिन्यात पत्र्याच्या झोपडीत दुपारी हात लावता येत नाही एवढं तापतं. लिथियम बॅटरी ४५ अंशाच्या वर चार्ज करायची नसते. फुगते, आणि फुगलेली बॅटरी परत वापरायची नाही. चार्जिंग पहाटे करा, सेट माठाशेजारच्या सावलीत ठेवा. जुलैमध्ये मासेमारी बंद ठेवता तेव्हा बॅटरी अर्धी चार्ज करून काढून ठेवा. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण उतरलेली ठेवली तर दोन हंगामांत निकामी होते.

सेट पाण्यात पडला आणि आत पाणी गेलंच, तर चालू आहे का ते पाहायचा मोह आवरा. आधी बॅटरी काढा. गाळ असेल तर स्वच्छ पाण्याने धुवा, झटका, झाकणं उघडी ठेवून सावलीत पंख्याखाली किमान एक दिवस ठेवा. तांदळाच्या डब्यात घालू नका. धानाच्या जिल्ह्यात तांदळाला तोटा नाही, पण सेटच्या आतलं पाणी तो ओढत नाही, उलट त्याची भुकटी स्पीकरच्या जाळीत आणि चार्जिंगच्या तोंडात जाते.

गोसेखुर्दच्या ३३ दारांपैकी काही उघडणार असतील तर खालच्या गावांना आधी इशारा दिला जातो. तो फोन किंवा भोंगा चौकीदारापर्यंत पोचतो की नाही हे जूनमध्येच पाहून घ्या. खाली वैनगंगेत नाव चालवणाऱ्यांपैकी एकाचा नंबर त्याच्याकडे लिहिलेला हवा. रेडिओ तिथवर पोचणार नाही, फोन पोचेल.

महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी सगळे सेट एकत्र आणा: चॅनल, टोन ०, कुलूप, झाकणाचं रबर, दोरी, फ्लोट. प्रत्येकाकडून खोटा ‘धोका’ संदेश बोलून घ्या, पण आधी ‘सराव’ हा शब्द तीनदा. नव्या पोराकडून आधी बोलून घ्या, जुन्यांना येतंच.